प्रॉक्सी पकडणारी बाई

हजेरी घेताना मी कधीच मान वर करत नसे. नवीन रुजू झालेल्या तरुण प्राध्यापकांना ते विचित्र वाटायचं. "मॅडम, बघितल्याशिवाय कळतं कसं तुम्हाला?" असं विचारायचे. बघून काय कळणार? मागच्या बाकावर दहा डोकी एकमेकांआड लपलेली असतात. प्रॉक्सी कानाने पकडायची असते.

ज्यांचा कॉलेजशी संबंध सुटून जमाना झाला त्यांच्यासाठी सांगते. गैरहजर मित्राचा नंबर आला की त्याच्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी "प्रेझेंट" ठोकून द्यायचं, ही प्रॉक्सी. पंचाहत्तर टक्के तास भरले नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून हा सगळा उद्योग. मुलं आवाज घोगरा करतात, नाकात बोलतात, खोकून घेतात. पण एक गोष्ट त्यांना कधीच जमत नाही. खरोखर हजर असलेला मुलगा "प्रेझेंट" अगदी कंटाळून म्हणतो. प्रॉक्सीवाला जरा जास्तच मनापासून म्हणतो. कल्याणच्या कॉलेजात तीस-एक वर्षं अर्थशास्त्र शिकवून मी कुठलाही नवा सिद्धांत मांडला नाही, पण हा एक माझा स्वतःचा आहे.

एक पोरगा होता, चार मित्रांची हजेरी चार निरनिराळ्या आवाजांत द्यायचा. त्याला मी उभं करून म्हटलं, "पाचवा आवाज तुझा स्वतःचा असेल तर तोही ऐकव." वर्ग हसला, तोही हसला. आता तो जाहिरातींना आवाज देतो. रेडिओवर कुठल्याशा मसाल्याची जाहिरात लागली की मी अजून म्हणते, हा बघा माझा गैरहजर विद्यार्थी.

मग यंत्रं आली. आधी अंगठ्याचं. मुलांनी त्यावर दोन दिवसांत तोड काढली. अडचण झाली ती आम्हा शिक्षकांचीच. खडू धरून धरून माझ्या अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्र लाल दिवा दाखवून मला परत पाठवायचं. शिपाई फडक्याने काच पुसायचा, मी अंगठा साडीला पुसायची, पुन्हा लाल. म्हणजे वर्गात मी घसा फोडून शिकवत होते आणि कॉलेजच्या लेखी घरी बसले होते. यंत्रांवरचा माझा राग त्या दिवसांपासूनचा.

त्यामुळे कोरोनात कॉलेज फोनवर भरवायचं ठरलं तेव्हा मी मनातून निवृत्तीचा अर्जच लिहीत होते. ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत कपाटाच्या दारावर पांढरा कागद चिकटवून मी फळा केला. इस्त्रीच्या टेबलावर डबे रचून त्यावर फोन ठेवला. आणि समोर काय? काळे चौकोन. प्रत्येकात एक नाव. चेहरा नाही, आवाज नाही. "माझा आवाज येतोय का?" हे वाक्य त्या वर्षात मी जितक्यांदा म्हटलं तितक्यांदा "मागणी आणि पुरवठा" हेसुद्धा म्हटलं नसेल. उत्तर नाही. शिकवताना समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की उदाहरण बदलायचं, डोळे चमकले की पुढे जायचं, ही आमच्या धंद्यातली सगळी गंमत. ती गेली. विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटायचं, आणि विहिरीतून निदान प्रतिध्वनी तरी येतो.

पण एक चौकोन होता. रोहित भोईर, दुसरं वर्ष, राहायला आंबिवलीच्या पुढे. हा रोहित मला वर्गातून माहीत होता. शेवटचं बाक, केसांवर फार मेहनत, डोळे अर्धे मिटलेले. वर्षभर त्याच्याकडून मी "प्रेझेंट" सोडून एक शब्द ऐकला नव्हता. आणि आता त्याचा चौकोन सगळ्यात आधी उजळायचा आणि सगळ्यात शेवटी जायचा. आवाज बंदच, पण खाली लिहून यायचं, "मॅडम, पुन्हा सांगा ना." कधी, "मॅडम, हे कांद्यासारखं आहे का?" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या साठ-सत्तर मुक्या चौकोनांत मी एकट्या त्या चौकोनाला शिकवायला लागले. त्याने "पुन्हा सांगा" लिहिलं की दुसरं उदाहरण शोधायचं, त्याने अंगठा पाठवला की पुढे जायचं. स्टाफ मीटिंगमध्ये मी छाती काढून सांगितलं, "ऑनलाइनला नावं ठेवू नका. आमचा रोहित भोईर बघा, पोरगं सुधारलं."

वर्ष संपताना तोंडी परीक्षा होती, तीही फोनवरच. मात्र कॅमेरा चालू ठेवायचा. रोहितची पाळी आली. केस विंचरलेले, मागे निळी भिंत, स्वयंपाकघराच्या दाराला पडदा. मी अगदी प्रेमाने विचारलं, "मागणीची लवचिकता म्हणजे काय रे?"

रोहितचं तोंड एवढंसं झालं. लवचिकता हा शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकला होता, हे मला त्या छोट्या पडद्यावरही दिसलं. वर्षभर अंगठे पाठवणारं पोर ते हे नव्हेच.

मग पडद्यामागून कुजबुज आली. "अरे, मिठाचा सांग. मीठ म्हाग झालं तरी भाजीन तवराच टाकतो."

रोहित म्हणाला, "मॅडम... मीठ."

"मिठाचं काय?"

पुन्हा कुजबुज, आता जरा चिडून. "आनि टमाटं म्हाग झालं की आपुन चिंच घालतो, त्याचं लवचिक! किती येला सांगितला मॅडमनी!"

मिठाचं आणि टोमॅटोचं उदाहरण माझंच होतं. ते मी फक्त "पुन्हा सांगा" लिहिणाऱ्या चौकोनासाठी शोधलं होतं. मी म्हटलं, "रोहित, पडदा बाजूला कर."

पडद्याआड त्याची आई उभी होती. हाताला पीठ, खांद्यावर पदर घट्ट ओढलेला. चोरी पकडल्यासारखा चेहरा. कानाने प्रॉक्सी पकडण्यात हयात गेलेली मी, आणि हिने वर्षभर एक आवाज न काढता माझ्या नाकासमोर हजेरी लावली होती.

"मॅडम, त्याला काय बोलू नका," ती म्हणाली. "याच्या बापाची कंपनी बंद झाली. हा भिवंडीला गोडाऊनला जातो, पार्सल भरायला. फोन घरी ठेवून जातो, हजेरी लागावी म्हनून. मना म्हनला, आई, खाली नुसता चालू ठेव. मी चालू ठेवला, आनि मंग ऐकत बसले."

रोहित म्हणाला, "मॅडम, सॉरी. मी कामाला गेलेलो ना, सीनच तसा झालेला. पण हिने एवढं मेसेज-बिसेज केलेलं मला पण माहीत नव्हतं."

"तुमी दोन-तीनदा विचारायच्या, कलतंय का कुनाला, कुनी बोला तरी," ती म्हणाली. "कुनीच बोलत नव्हतं. मना बरं नाय वाटलं."

खरं सांगते, मला रडू आलं. मी कॅमेरा बंद केला आणि नेटवर्क गेल्याचं खोटंच सांगितलं.

नियमाने पाहिलं तर रोहितची हजेरी शून्य होती आणि त्याचं वर्ष जायला हवं होतं. रोहितची आई, सुरेखा तिचं नाव, हे ओळखून होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चूक माजी. मी गप बसले अस्ते तर तुमाला कललंच नस्तं." मी म्हटलं, "गप्प बसला असतात तर मी शिकवणं सोडून दिलं असतं." मग मी प्राचार्यांना काही न लपवता सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले, "या काळात कामाला गेलेल्या मुलांना हजेरीत सूट आणि तोंडी परीक्षेची दुसरी संधी द्यायची आहेच. घ्या." मी रोहितला पंधरा दिवसांची मुदत दिली आणि अट घातली. शिकवणी आईकडे लावायची.

दिवसभर पार्सलं भरून आलेल्या पोराला ती पोळ्या लाटता लाटता अर्थशास्त्र शिकवायची. तो पेंगला की लाटणं ओट्यावर आपटायची. दुसऱ्या खेपेला रोहित पास झाला. फार चांगला नाही, पण स्वतःच्या तोंडाने. परीक्षा संपल्यावर मी सुरेखाला फोनवर बोलावलं आणि म्हटलं, "आता तुमचं काय?"

"माजा काय?"

"बारावी झालीय ना तुमची?"

झाली होती. माहेर खाडीकाठचं, वडील मिठागरावर कामाला. मिठाचं उदाहरण तिला इतकं झटकन का भिडलं ते मला तेव्हा समजलं. बारावीचा निकाल आणि लग्न एकाच महिन्यात. कॉलेजचं दार तिने एकदाच पाहिलं होतं, रोहितच्या प्रवेशाच्या वेळी, तेही बाहेरून. "मना आता कोन घेईल?" ती म्हणाली. वयाची, सासूची, नवऱ्याची, इंग्रजीची, सगळी कारणं तिने सांगितली. शेवटी हळूच म्हणाली, "मॅडम, पन एकदा तरी माज्या नावाने हजेरी लागली पायजे."

तेवढं वाक्य मी घट्ट धरलं आणि तिचा पिच्छा सोडला नाही.

मी निवृत्त झाले त्याच सुमारास तिने बाहेरून पदवी करायला नाव नोंदवलं. हा प्रवेश रोहितनेच फोनवरून केला. या अभ्यासक्रमाचे वर्ग कल्याणातल्या अभ्यासकेंद्रात रविवारी भरतात आणि मी तिथे शिकवायला जाऊ लागले, अर्थातच हजेरी घ्यायची संधी मिळेल म्हणून. वर्गात कोण असतं? रिक्षा चालवणारे, दुकानात उभे राहणारे, नर्सिंग होममधल्या मुली, आणि तीन-चार सुरेखा. शिवाय सगळ्यांच्या हातात फोन. मी लेक्चर रेकॉर्ड करायला नाखूश होते. माझं म्हणणं, वर्गात सांगितलेले विनोद पुन्हा ऐकले की शिळे होतात. पण सुरेखा ती रेकॉर्डिंगं मासळी साफ करताना ऐकायची, अडलं की मागे नेऊन. "मॅडम, आता 'पुन्हा सांगा' म्हनून तुमाला तरास नाय," असं एकदा म्हणाली. मग मी विरोध सोडला.

नंतर आला तो एआय. एका वर्षी प्रकल्प तपासायला घेतले तर सगळे एकाच हलवायाकडून आणल्यासारखे. गुळगुळीत, गोड आणि एकाच चवीचे. जन्मात "तथापि" न म्हटलेली माणसं पानोपानी "तथापि" लिहायला लागलेली. सुरेखानेही फोनला विचारून बघितलं होतं. त्याने तिला महिला उद्योजकतेवर सहा पानं लिहून दिली. ती मला म्हणाली, "छान लिवलंय. पन यात आमची गल्ली कुठाय? आमच्या गल्लीन पापड घरी करायच्या बंद झाल्या, ते याला काय म्हाईत?" मी म्हटलं, तोच प्रकल्प करा. तिने गल्लीतल्या पंचवीसएक घरांत बसून बायकांना विचारलं, पापड घरी लाटणं का सोडलं. अडलेले शब्द मात्र फोनलाच विचारले आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर त्याच्याशी भांडली. यंत्राशी कसं वागावं हे तिला माझ्यापेक्षा लवकर जमलं, हे मी कबूल करून टाकते.

बाकीच्यांच्या प्रकल्पांमुळे मी इतकी भडकले की केंद्राकडून नवा नियम करून घेतला. प्रत्येकाने वर्गात समोर उभं राहून प्रकल्प सांगायचा, मी प्रश्न विचारणार. जो प्रत्यक्ष हजर नसेल त्याचे गुण शून्य. म्हणजे वर्ष गेलं. केंद्राचे समन्वयक सावंत हे तरुण गृहस्थ. त्यांनी दाराशी चेहरा ओळखणारं हजेरीचं यंत्रही लावलं. मी म्हटलं, आता करा म्हणावं प्रॉक्सी.

शेवटच्या वर्षाच्या सादरीकरणाचा रविवार उजाडला. मी वर्गात शिरले तर सुरेखाच्या बाकावर रोहित बसलेला. चांगला बाप्या दिसायला लागला होता आता, त्याच गोडाऊनमध्ये सुपरवायझर.

"आई कुठाय?"

"मॅडम, आजी पडली ना न्हाणीत. खुब्याचं ऑपरेशन झालंय. आई हॉस्पिटलला आहे." तो उठून उभा राहिला. "मी बोललो, मी थांबतो, तू जा. पण बायकांचा वॉर्ड आहे, पुरुष माणसाला थांबूच देत नाहीत. काल रडत होती. म्हणून मी आलेलो." त्याने फोन दाखवला. पडद्यावर सुरेखा, हॉस्पिटलच्या जिन्यात पायरीवर बसलेली. मांडीवर वही, केस विस्कटलेले.

सावंत माझ्याजवळ आले. "मॅडम, दारावरचं यंत्र फोनमधला चेहरा घेत नाही. गैरहजर दाखवतंय. आणि नियम तुमचाच आहे."

नियम माझाच होता. वर्गातले सगळे माझ्याकडे बघत होते. यातली एक बाई कर्जतवरून तापात आली होती. एकाने रिक्षाचा रविवारचा धंदा बुडवला होता. त्यांना काय सांगायचं? सुरेखा माझी लाडकी आहे म्हणून?

मी खुर्चीवर बसले. मग म्हटलं, "सावंत, हा नियम मी कशासाठी मागितला होता? एकाच्या नावावर दुसऱ्याने बोलू नये म्हणून. बाई इथे आहे की जिन्यात, हा प्रश्नच नाही. जे बोलेल ते तिचंच आहे की नाही, एवढं आपण सगळ्यांनी मिळून तपासू. रोहित, फोन वर धर, सगळ्यांना दिसेल असा. आणि तोंड बंद. एक शब्द बोललास तर आईचे गुण शून्य. चालेल?" मी वर्गाला विचारलं. तापात आलेली बाईच पहिली म्हणाली, "चालेल."

सावंतांनी खांदे उडवले आणि यंत्राच्या बाजूला उभे राहिले, लक्ष देऊन.

सुरेखाने प्रकल्प सांगितला. मागे स्ट्रेचरची चाकं वाजत होती, कुणीतरी नावं पुकारत होतं. पण तिचा आवाज घट्ट होता. गल्लीतल्या बायका कोण, दुपारी आधी काय करायच्या, आता काय करतात. मग मी प्रश्न विचारला. मुद्दाम अवघड विचारला, नाहीतर लाड केला असं झालं असतं.

"घरच्या पापडाला फक्त डाळीचा खर्च येतो. विकतचा त्याहून महाग. तरी तुमच्या बायका विकतचा घेतात. म्हणजे त्या चुकतात का?"

सुरेखा म्हणाली, "नाय, कारन..." आणि पडदा थिजला.

तोंड अर्धं उघडलेलं, एक हात वर. नेटवर्क गेलं होतं. मी रोहितकडे बघितलं. आणि मग मला ते दिसलं, जे त्या निळ्या भिंतीसमोर कधी दिसलं नव्हतं. त्याला उत्तर येत होतं. त्याचे ओठ उघडले, मिटले. रात्रीच्या जेवणानंतर आईने हेच सगळं त्याच्यासमोर बडबडून पाठ केलं असणार. आता एक शब्द काढला की वर्ष गेलं आणि गप्प बसलं तरी कदाचित गेलं, अशा कात्रीत पोरगा उभा होता.

"रोहित, तू नाही," मी म्हटलं.

तो दात आवळून गप्प उभा राहिला. सावंत यंत्र सोडून चार पावलं पुढे आले होते.

पडदा हलला. सुरेखा दोन पायऱ्या वर चढून खिडकीपाशी उभी होती, धापा टाकत. "मॅडम, आवाज येतोय का माजा?"

"येतोय," अख्खा वर्ग म्हणाला.

"चुकत नाय त्या. कारन डालीचाच हिशोब नाय धरायचा. पापड लाटायला अख्खी दुपार जाते. त्या दुपारी तिने दुसरं काय केलं अस्तं, ते सोडावं लागतं, त्याची पन किंमत. त्याला संधी खर्च म्हनतात." ती थांबली. "मी पापड लाटत बसले अस्ते ना मॅडम, तर तुमचं लेक्चर गेलं अस्तं. त्या हिशोबानं घरचा पापड लय म्हाग."

मी पेन उचललं. यंत्राला काय दाखवायचं ते दाखवू दे, म्हणून पूर्वीसारखी मान खाली घालून मोठ्याने हजेरी पुकारली, "सुरेखा भोईर."

"हजर, मॅडम."

अगदी मनापासून म्हणाली. माझ्या सिद्धांताप्रमाणे ती प्रॉक्सीच ठरली असती. सावंतांनी स्वतःहून यंत्रात तिचं नाव हाताने भरलं आणि पुढचा नंबर पुकारला. निकाल लागला तेव्हा ती पदवीधर होती. यंदा ती त्याच केंद्रात नव्या बायकांना फोनवरून लेक्चर कशी ऐकायची ते शिकवते आणि त्यांच्या चौकोनांवर ओरडते, "बोला की कुनीतरी!"

पण त्या रविवारचं एक राहिलं. वर्ग सुटल्यावर रोहित माझ्या टेबलापाशी आला. आईला फोन करायला बाहेर जायची घाई होती, तरी घुटमळला.

"मॅडम," तो म्हणाला, "मला पण येत होतं."

"दिसलं मला," मी म्हटलं, आणि या खेपेला मान वर करून त्याच्याकडे बघितलं.